शरपंजरीची उशी

श्रोतेहो, पितामह भीष्म शरपंजरी पडले. सर्वांगाला बाणांचा आधार, मस्तक मात्र खाली लोंबत होतं. "उशी द्या," म्हणाले. राजेलोक धावले, मऊ मऊ उशा घेऊन आले. पितामहांनी त्या नाकारल्या नि अर्जुनाकडे पाहिलं. अर्जुनानं तीन बाण मारून मस्तक उचलून धरलं. प्रेम राजांचंही होतं हो! पण पडलेल्या माणसाला उशी कशी हवी, हे ओळखलं एकट्या अर्जुनानं.

आता आपल्या रत्नागिरीत या. माडावरून, आंब्यावरून गडी पडतो. मानेच्या वरच्या मणक्यांत मज्जारज्जू तुटला, तर हातपाय जातात, श्वासाचा पडदाही हलेना होतो. मग व्हेंटिलेटर. मेंदूला मार नसेल तर माणूस आत पूर्ण जागा असतो. घशात नळी, म्हणून बोलत नाही एवढंच. आणि बाहेर बाकड्यावर काका, मेव्हणे ठरवतायत, मशीन ठेवायचं की काढायचं! अहो, त्याला विचारलंत? डोळ्यांच्या उघडझापीनं तो हो-नाही सांगेल.

मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना विचारायची सोयच उरली नव्हती. 1973 च्या नोव्हेंबरात हल्ला झाला, साखळीनं गळा आवळला, मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यांचं अन्न थांबवावं, असा अर्ज सुप्रीम कोर्टात गेला. केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला. वर्षानुवर्षं भरवत, कूस बदलत आल्या होत्या त्या. 7 मार्च 2011 ला कोर्टानं अर्ज फेटाळला, मात्र अशा स्थितीत उपचार थांबवण्याची वाट कडक अटींवर मोकळी केली. 18 मे 2015 ला अरुणाताई न्युमोनियानं गेल्या. त्यांना स्वतःला काय हवं होतं? कोणाला ठाऊक!

म्हणून सांगतो, ज्याला विचारता येतं त्याला विचारा. पण पहिल्याच आठवड्यात "मला मोकळं करा" म्हणाला, तर तोच शेवटचा शब्द धरू नका. दुखणं बोलतं, भीती बोलते, "घर विकतील माझ्यापायी" ही काळजी बोलते. खर्च खोटा नाही, मी कुठं म्हणतो? पण तो त्याच्या तोंडून वदवू नका. भीष्मांना इच्छामरण होतं, तरी 58 रात्री थांबले, धर्मराजाशी बोलत राहिले. आणि सगळं समजून, पुन्हा पुन्हा विचारूनही तो "पुरे" म्हणाला, तर त्याचं ऐकणं म्हणजे त्याला मारणं नव्हे. मोठेपणा मिरवायला आणलेली मऊ उशी बाजूला ठेवायची, इतकंच.

2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं लिव्हिंग विलही मान्य केलं. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. बागेच्या वाटणीसाठी नोटरीकडे खेपा घालतोच ना आपण? त्यातल्याच एका खेपेला हाही कागद करून घ्या.