भाऊबंदकीचे मथळे आणि मतदार

(निरवांगी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



२०२४ ची बारामतीची लोकसभा निवडणूक आपण जवळून पाहिली. सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार यांची ती लढत ‘नणंद विरुद्ध भावजय’ म्हणून रंगविली गेली. ‘मूळ पवार’ की ‘बाहेरून आलेले पवार’, यावर मथळे सजले. निरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याचा पाण्याचा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

यामागे साधे अर्थशास्त्र आहे. टोमणा वार्ताहराला आयता मिळतो. पाण्याचा हिशेब मांडायचा तर पाटबंधारे खात्याचे कागद तपासावे लागतात, चाऱ्या हिंडाव्या लागतात. म्हणून स्वस्त मालानेच बाजार भरतो.

नकारात्मक प्रचाराने मतदार घरी बसतो काय? अमेरिकेतील प्रयोगांवरून आन्सोलाबेहेर व अय्यंगार यांनी १९९५ मध्ये तसा निष्कर्ष काढला. पुढील अभ्यासांत तो सर्वत्र टिकला नाही. मला निराळेच भय वाटते. मतदार मत देतो, परंतु ते कशासाठी दिले हे सांगण्याची त्याची भाषाच हिरावली जाते. सुप्रियाताईंना मिळालेले दीड लाखाहून अधिक मताधिक्य पाण्यासाठी होते की नात्यासाठी, हे मथळ्यांवरून कोणी सांगावे?

टीका अवश्य करावी. कारभाराचा जाब विचारणे ही निंदा नव्हे. परंतु दुसऱ्याच्या घरातील भांडण आपणही चवीने चघळतो, हे कबूल केले पाहिजे. पुढच्या सभेत प्रतिपक्षाचे नाव घेण्याआधी आवर्तनाच्या तारखा वाचून दाखवा. वार्ताहराच्या वहीत निदान तेवढे तरी जाईल.