कवटीआडची वाचा

वेल्लोर येथे १९४९ साली डॉ. जेकब चंडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियांचा विभाग सुरू केला, तेव्हा कवटी उघडणे म्हणजे यमाचे दार ठोठावणे, असाच लोकांचा समज होता. ती भीती आज ओसरली असली, तरी पुरती गेलेली नाही.

जयपूरच्या एका रुग्णालयात २०१८ च्या डिसेंबरात एका तरुणाच्या मेंदूतील गाठ काढण्यात आली. गाठ वाचाकेंद्रालगत होती. शस्त्र किंचित चुकते, तर वाणीच गेली असती. म्हणून त्याला जागे ठेवले. मेंदूला स्वतःला वेदना नसते. दुखते ते डोक्याचे कातडे आणि वरचे आवरण, आणि ते औषध टोचून बधिर करता येते. शल्यवैद्य गाठ काढीत होते आणि रुग्ण हनुमानचालिसा म्हणत होता! शब्द अडखळला, की हात आवरायचा, अशी ही रीत. त्याला तो पाठ भक्तीचा आधार. वैद्यांना मात्र वाट दाखविणारा दिवा.

अशा रुग्णांना हाड कोरणाऱ्या यंत्राची घरघर ऐकू येते, तिची थरथर जाणवते. पण त्याहूनही पुष्कळांना जाचते, ते डोके चौकटीत जखडून तासन्‌तास एकाच कुशीवर पडून राहणे.