बिनतारी लहरींची वाट

वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातील कापसाची सपाटी मागे टाकून बोर व्याघ्र प्रकल्पाच्या सागवानी टेकड्यांत शिरल्यावर, दोन गाड्यांमधील अंतर फारसे नसतानाही बिनतारी संचावरील संभाषण मध्येच का तुटते, याची कारणमीमांसा उद्बोधक आहे. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की लहरींची शक्ती चतुर्थांश उरते. परंतु गाडीवरील अँटेना जमिनीपासून जेमतेम दोन मीटर उंच असल्यामुळे, सरळ आलेली लहर व भूपृष्ठावरून परावर्तित झालेली लहर लांबच्या पल्ल्यावर परस्परांस मारक ठरतात, आणि तीच शक्ती सोळाव्या हिश्श्यावर येते. त्यातच टेकडी आडवी आली, किंवा पावसाने सागाची रुंद पाने चिंब झाली, म्हणजे उरलेल्या शक्तीचाही बराच अंश तेथेच खर्ची पडतो.

याहून विलक्षण प्रकार म्हणजे, १५० मेगाहर्ट्झची लहर सुमारे २ मीटर लांबीची असल्याने, खडकांवरून व झाडांवरून निरनिराळ्या वाटांनी आलेल्या लहरी एका जागी एकमेकींचा नाश करतात, तर मीटरभर पुढे त्याच परस्परांस बळ देतात. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यांवर उद्या वाहने परस्परांस आपोआप इशारे देऊ लागतील, तेव्हा ५.९ गिगाहर्ट्झच्या ५ सेंटीमीटर लांबीच्या लहरींस मधला एखादा मालट्रकही अडवू शकेल.

म्हणून संचावर आवाज तुटला, तर ओरडून बोलू नये. गाडी थोडी पुढे घ्यावी, अथवा उंचवटा गाठावा.