बेरीज माणसांची आणि विचारांची



परस्परविरोधी विचारांची माणसे एका पक्षात कशी नांदतात, हे पाहायला आपल्याला दूर जायला नको. १९४२ चा जुना सातारा जिल्हा आठवा. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा त्यातच होता. काँग्रेसच्या झेंड्याखाली अहिंसेचे व्रत घेतलेले खादीधारी होते, समाजवादी होते आणि प्रतिसरकारचे नाना पाटीलही होते. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते मौलाना आझाद.

हे जमले, कारण स्वातंत्र्याचे ध्येय एक होते आणि मतभेद बोलून दाखवायला जागा होती. पुढे ती जागा अपुरी पडू लागली. १९४८ साली समाजवादी बाहेर पडले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात गेले, नंतर कम्युनिस्ट झाले आणि १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. कऱ्हाडच्या यशवंतराव चव्हाणांनी बाहेरच्यांना जवळ केले. त्याला ‘बेरजेचे राजकारण’ म्हणतात.

मात्र माणूस आत घेतला आणि त्याचे म्हणणे दाराबाहेर ठेवले, तर ती बेरीज नव्हे, गर्दी होय. आपल्या समाजाने हे विशेष ध्यानात घ्यावे. पक्ष कोणताही असो, यादीत आपले नाव आहे का, एवढेच विचारून थांबू नका. ठरावात आपले म्हणणे आहे का, तेही पाहा. त्यासाठी ठराव वाचता, त्याला दुरुस्ती सुचवता आणि भर सभेत ती मराठीत मांडता आली पाहिजे. आपल्या मुलामुलींना ही तयारी शाळेतच मिळायला हवी.