शिरगणतीत आपले हात मोजले जातील का?

(चिखलोली येथे अंबरनाथ-बदलापूर परिसरातील महिला मंडळे, बचत गट आणि घरकामगार स्त्रिया यांच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मला दिलेला विषय ऐकायला जड आहे: लोकसंख्या, घरे आणि रोजगार. असे शब्द वर्तमानपत्रात दिसले की आपण पान उलटतो. पण इथे बसलेल्या प्रत्येकीला "तू इथे राहायला का आलीस?" असे विचारले तर उत्तर याच तीन शब्दांत येईल. मुंबईत खोली परवडेना. नवऱ्याची कंपनी बंद पडली. गावाकडे काम उरले नाही. कोणी लग्न होऊन आली आणि तिला कोणी विचारलेच नाही. म्हणजे हा विषय आपल्याच आयुष्याचा आहे, फक्त तो मांडणारे आपण नसतो.

आधी थोडे आकडे बघू. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. त्यामुळे रेशन, पाणी, दवाखाने यांचे हिशेब अजून त्या जुन्या आकड्यांवर चालतात. त्या आकड्यांत काय दिसते? २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. आणि ठाणे जिल्हा, तेव्हा पालघर त्यातच होते, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. देशातला सर्वात जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. मुंबईच्या मधल्या भागातून माणसे कमी होत गेली आणि रेल्वेच्या रुळांच्या कडेने आपल्याकडे दाटत गेली.

आपल्या तीन गावांचे चित्रही एकसारखे नाही. उल्हासनगरची महापालिका सुमारे १३ चौरस किलोमीटरची. त्यात २०११ साली ५ लाख ६ हजार माणसे होती, म्हणजे चौरस किलोमीटरला ३८ हजारांहून जास्त. तिथे वाढायला जागाच उरली नाही, म्हणून दहा वर्षांतली वाढ जेमतेम ७ टक्के. अंबरनाथ २ लाख ४ हजारांवरून २ लाख ५३ हजारांवर गेले. आणि बदलापूर ९८ हजारांवरून थेट १ लाख ७४ हजारांवर. जमीन जिथे स्वस्त, तिथे माणूस सरकला. चिखलोली या दोन शहरांच्या मधली. काल शेत होते तिथे आज टॉवर आहे, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन मंजूर झाल्यापासून घरांच्या जाहिरातीत पहिले वाक्य स्टेशनचे असते.

ही माणसे कोण? या पट्ट्याचा इतिहासच विस्थापितांचा आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे त्या बरॅकींत उतरली. १९४९ मध्ये वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले, पण पत्ता सांगताना आपण आजही 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतो. त्या बरॅकींत बायकांनी पापड लाटून संसार उभे केले. अंबरनाथला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, विमकोची काडेपेटी, मग एमआयडीसी आली. त्या पाठोपाठ कोकणातून, देशावरून, खानदेशातून माणसे आली. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून संपल्या, तशी गिरणगावातली कुटुंबे कल्याणच्या पुढे सरकली. विमकोचा कारखानाही पुढे बंद पडला. आता बिहार, उत्तर प्रदेशातून येतात. प्रत्येक वेळी सरकारदरबारी नोंद झाली ती कामासाठी आलेल्या पुरुषाची. बाई 'सोबत आली'.

आता घराकडे येऊ. घर इथे स्वस्त मिळते असे आपण म्हणतो. ते खरे आहे का? बदलापूर ते मुंबई सीएसएमटी ६८ किलोमीटर आहे. लोकलमध्ये एका बाजूने दीड तास जातो. स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि गाडीची वाट पाहणे वेगळे. घराचा हप्ता बँकेत जातो, पण या अंतराचा हप्ता कोण भरते? पहाटे चारला उठून डबे करणारी बाई भरते. गाडीत बसून भाजी निवडणारी बाई भरते. आणि जिची सासू किंवा मोठी मुलगी लहान भावंडांना सांभाळते, तिचा हप्ता ती सासू आणि ती मुलगी भरते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. त्यात स्त्रियांचे बिनपगारी घरकाम दिवसाला सरासरी २८९ मिनिटे निघाले आणि पुरुषांचे ८८. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास, पुरुषाचा दीड. या पाच तासांत दोन्ही बाजूंचा तीन तासांचा प्रवास कुठे बसवायचा? तो बसत नाही म्हणून बाई नोकरी सोडते. मग लोक म्हणतात, तिला कामाची आवड नव्हती.

घर आणि काम यांची अशी फारकत करणे हे धोरणच झाले आहे. गिरणी कामगारांना आपल्या पुढच्या वांगणीला आणि शेलूला सुमारे ८१ हजार घरे देण्याची योजना सरकारने आणली. कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी तिला विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा काढला. आमचे घाम गाळणे मुंबईत झाले, घरही मुंबईत द्या, ही त्यांची मागणी. त्यांत गिरणी कामगारांच्या विधवा आहेत, मुली आहेत. आपण या पट्ट्यात राहणाऱ्यांनी त्यांची ही मागणी समजून घ्यायला हवी, कारण कामापासून तुटलेल्या घराची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक आहे?

नोकरी सोडलेली बाई रिकामी बसते का? माझ्या कामानिमित्त मी रोज वस्त्यांमध्ये फिरते. रिकामी बसलेली बाई मला अजून भेटायची आहे. उल्हासनगरच्या जीन्सचे धागे कोण कापते? पॅकिंगचे पुडे कोण भरते? दारात पोते येते, डझनावर भाव ठरतो, रात्री मुले झोपली की काम सुरू होते. जागा तिची, वीज तिची, पाठदुखीही तिची. मालक कोण हे तिला माहीत नसते, ती फक्त पोते आणणाऱ्याला ओळखते. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून न्यायालयाचे आदेश झाले आणि उल्हासनगरचे जीन्स धुलाईचे कारखाने बंद झाले. नदी वाचली पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण कारखाना बंद झाला की किती बायकांच्या दारात पोते यायचे थांबते, हे कोणाला मोजता येत नाही, कारण त्या बायका कुठल्याच यादीत नसतात. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवे असे २०१७ पासून कायदा सांगतो. स्वतःच्या घरात बसून दुसऱ्याचा माल करणारीला कोण पाळणाघर देणार?

२०११ च्या जनगणनेत शहरी भारतात शंभर पुरुषांमागे ५४ जण काम करणारे नोंदले गेले आणि शंभर स्त्रियांमागे अवघ्या १५. उरलेल्या ८५ मध्ये लहान मुली आणि म्हाताऱ्या आहेत हे खरे. पण धागे कापणारी, पापड लाटणारी, नवऱ्याच्या भाजीच्या गाडीवर दुपारी उभी राहणारी बाईही त्यातच आहे.

हे कसे होते ते बघा. दारात प्रगणक येतो. बहुधा घरातला पुरुष पुढे होतो. "बायको काय करते?" "काही नाही, घरीच असते." एका वाक्यात तिचे बारा तास पुसले जातात. आणि आपली भाषाही आपल्याला फसवते. 'घरकाम' हा शब्द घ्या. स्वतःच्या घरी करते तेही घरकाम आणि चार बिऱ्हाडांत पगार घेऊन करते तेही घरकाम. पगारी काम करणाऱ्या बाईने "मी घरकाम करते" म्हटले की कागदावर ती बिनकामाची होते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ साली कायदा झाला, कल्याण मंडळ झाले. पण आपली संख्याच कमी नोंदली गेली तर त्या मंडळासाठी पैसा मागायचा कशाच्या जोरावर?

पूर्वी हे आणखी वाईट होते. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नात पहिल्यांदा स्पष्ट शब्द आले की शेतात किंवा घरच्या धंद्यात केलेले बिनपगारी कामही काम धरावे. ते शब्द आपोआप आले नाहीत. स्त्री संघटना आणि अभ्यासक बायांनी त्यासाठी धडपड केली होती. म्हणजे फॉर्ममधली एक ओळसुद्धा चळवळीने मिळवावी लागते. आणि मिळवलेली ओळ दारात वापरली नाही तर ती कागदावरच राहते.

आता पुन्हा गणती आहे. सरकारने जून २०२५ मध्ये अधिसूचना काढली. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात घरांची यादी, आणि १ मार्च २०२७ ही तारीख धरून माणसांची मोजणी. मोबाईलवर स्वतः माहिती भरण्याची सोयही ठेवली आहे. इथे सावध राहा. मोबाईल कोणाच्या हातात असतो? घरातल्या मुलाने किंवा नवऱ्याने पाच मिनिटांत फॉर्म भरून टाकला तर प्रगणकाला निदान दारात उभी दिसलेली बाईही दिसणार नाही.

म्हणून मी काही गोष्टी सुचवते. आपल्या गटांत त्यावर बोला, त्यात भर घाला.

पहिली गोष्ट, कामाचे उत्तर स्वतः द्या. "घरीच असते" हा शब्द तोंडातून काढू नका. "मी जीन्सचे धागे कापते, नगावर पैसे मिळतात", "मी तीन घरी स्वयंपाक करते, महिन्याला पगार मिळतो", "दुकान नवऱ्याच्या नावाचे, पण अर्धा दिवस मी बसते" असे सांगा. मागच्या मोजणीत वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केले तर मुख्य आणि त्याहून कमी असेल तर सीमांतिक, अशी विभागणी होती. म्हणून किती महिने काम केले तेही आठवून ठेवा. आणि काम शोधत असाल तर तेही सांगा. काम मागणारी बाई नोंदली गेली तरच तिच्यासाठी काम काढायची गोष्ट निघते.

दुसरी गोष्ट, भिऊ नका. आपल्यातल्या किती जणी करारनाम्याशिवाय भाड्याने राहतात, किती जणींच्या चाळी अनधिकृत आहेत. १९४८ चा जनगणना कायदा सांगतो की ही माहिती गुप्त राहते, ती कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. याच कायद्यात आणखी एक कलम आहे. घरातल्या स्त्रीचे नाव सांगायची सक्ती कोणावर नाही, आणि रीतीने मनाई असेल तर बाईला नवऱ्याचेही नाव घ्यायची सक्ती नाही. त्या काळी लाजेची, रीतीची सोय म्हणून ते ठेवले असेल. आपण मात्र आपले नाव स्वतः, पूर्ण आणि मोठ्याने सांगू.

तिसरी गोष्ट घराच्या नावाची. उल्हासनगरच्या शेकडो बेकायदा इमारती नियमित करायला २००६ मध्ये खास कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये तिथेच लागोपाठ दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली. अशा वेळी पुन्हा घर मिळण्याचा हक्क कागदावर नाव असलेल्याला असतो. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या एकटीच्या नावावर राहते घर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. पंतप्रधान आवास योजनेतही घरावर बाईचे नाव हवे, अशी अट आहे. पण सुटीसाठी नाव लावायचे आणि कागद कपाटात पुरुषाच्या किल्लीखाली, असे नको. कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. नवरा गेलेली, टाकलेली, एकटी राहणारी बाई कुटुंबप्रमुख म्हणून नोंदली जाते का, की दहावीतल्या मुलाचे नाव पुढे येते, यावरही लक्ष ठेवा.

चौथी गोष्ट, सरकारची मोजणी होईपर्यंत आपली आपण मोजणी करू. एकेका गटाने एकेक गल्ली घ्यावी. किती बायका घरी माल आणून काम करतात, डझनाला काय मिळते, किती जणी लोकलने जातात, किती वाजता परततात, लहान मुले कोणाजवळ ठेवतात, पाणी किती वाजता येते. शाळेची वही पुरेल. चिखलोली स्टेशनच्या बाहेर पाळणाघर हवे, बायकांसाठी नीट मुतारी हवी, रात्री दिवे असलेला रस्ता हवा, हे मागायला नगरपालिकेत जाऊ तेव्हा हातात ही वही असेल. आपण दहा जणी बोलायला गेलो की साहेब "बघू" म्हणतात. वहीतले नऊशे आकडे घेऊन गेलो की त्यांना खुर्ची पुढे ओढावी लागते.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली, आणि त्याच सुमारास सरकारच्याच समितीने शहरांत जवळजवळ १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई सांगितली. रिकामी घरेसुद्धा मोजली जातात, मैत्रिणींनो. मग घर भरलेले ठेवणाऱ्या बाईचे काम का मोजले जाऊ नये?

येत्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या गल्लीचे नाव ठरवून या. वह्या आपण इथूनच वाटू.