हिंवाळ्यांतील घर : सुया, सण आणि शरीर

मार्गशीर्ष लागला म्हणजे पुण्या-नाशिकाकडील घरांतून ट्रंका उघडतात. वर्षभर डांबराच्या गोळ्यांत पडून राहिलेले स्वेटर उन्हांत पसरले जातात, आणि बाजारांतून लोंकरीच्या नव्या लडी येतात. त्याच सुमारास घरांतील कोणी तरी पहांटे उठून फिरावयास जाण्याचा, किंवा नमस्कार घालण्याचा, निश्चय जाहीर करतो. आणि त्याच सुमारास गुरुवारचीं व्रतें, चंपाषष्ठीचें भरीत, दत्तजयंती अशी सणांची रांग सुरू होते. नाताळची सुटी आणि इंग्रजी नववर्षाचे संकल्प पोटांत घेऊन ही रांग भोगी-संक्रांतीवर येते, आणि माघांतील रथसप्तमीस थांबते. पंचांगाप्रमाणें हा काळ दोन महिने व एक आठवडा, म्हणजे सुमारें ६६ दिवसांचा. या ६६ दिवसांत सुया, सण आणि शरीर या तिघांचीहि आबाळ होऊं न देणें कसें साधावें, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटतो. तो कोणाच्या अंगावर पडतो हें पाहिलें म्हणजे मात्र तो तसा राहत नाहीं.

जुन्या वैद्यकानें हिंवाळा हा बळाचा ऋतु मानला आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानांत ऋतुचर्येचा एक स्वतंत्र अध्याय आहे. हेमंतांत जठराग्नि प्रबळ होतो, म्हणून गहूं, उडीद, ऊंस व दूध यांपासून झालेले पदार्थ, स्निग्ध अन्न, अंगास तेल, उबदार पांघरूण आणि व्यायाम, या सर्व गोष्टी तेथें एकत्र सांगितल्या आहेत. व्यायामाविषयीं तारतम्यहि आहे. बलवान् व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानें थंडींत आणि वसंतांत अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनहि कमी. अर्धी शक्ति म्हणजे किती, याची खूण सुश्रुतानें सांगून ठेवली आहे : श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं अर्धें बळ खर्ची पडलें असें समजावें. मनगटावर नाडी मोजणारें यंत्र बांधून हिंडणाऱ्यांसहि ही खूण आज निरुपयोगी ठरणार नाहीं.

मौज अशी कीं, या उपदेशाचें एक अर्धुक घराघरांतून इमानानें पाळलें गेलें आणि दुसरें विसरलें गेलें. भोगीच्या दिवशीं तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी आणि पावटे, हरभरे, वांगीं, गाजरें यांची मिसळीची भाजी. दुसऱ्या दिवशीं तुपांत भिजलेली गुळाची पोळी. आणि मग रथसप्तमीपर्यंत ज्याच्या घरीं जावें त्याच्या घरीं तिळगूळ. तिळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचाच असतो. हें अन्न वाईट मुळींच नव्हे. नांगर, मोट आणि जातें यांच्या सोबतीनें तें जन्मास आलें. जातें गेलें, मोट गेली. तुपाची वाटी मात्र जागच्या जागीं राहिली.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी आणणारा व्यायाम सांगितला आहे. १५० मिनिटें म्हणजे दिवसास बावीस मिनिटेंहि भरत नाहींत. एवढा वेळ कोणास सांपडत नाहीं? पुण्यास पहांटे पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्यांत आतां बायकाहि पुष्कळ दिसतात, ही समाधानाची गोष्ट होय. पण सण जवळ आला कीं त्या रांगेंतून प्रथम कोण गळतें, हें कोणीहि उभें राहून पाहावें.

हलव्याचेंच उदाहरण घ्या. शेगडींत मंद विस्तव, परातींत तीळ किंवा खसखस, आणि त्यावर चमच्या-चमच्यानें सोडावयाचा साखरेचा पाक. बोटें भाजत असतां दाणे सारखे हलवीत राहावयाचे. एका बैठकींत काम होत नाहीं. कित्येक दिवस तें थोडथोडें चालतें. थंडी जितकी कडक तितका हलव्याला काटा सुरेख, म्हणून हें काम पहांटेचें. नेमकें व्यायामाच्या वेळेचें. घरांत नव्या सुनेची पहिली संक्रांत किंवा बाळाचें बोरन्हाण असलें म्हणजे तर मंगळसूत्र, बाजूबंद, मुकुट, बांसरी, सर्व कांहीं त्या पांढऱ्या दाण्यांचें हवें.

"आई, यंदा दागिने दुकानांतून आणूं या का?" असें सून भीत भीत विचारते. "आण ग," सासू म्हणते, "पण तिळगुळांत मिसळायला मूठभर तरी हलवा घरचा हवा." पुष्कळ घरांतून आतां असा तह झालेला आढळतो, आणि तो शहाणपणाचा आहे. मूठभर हलव्यानें हातांतली विद्या मरत नाहीं, आणि मणभराचा हट्ट सोडल्यानें कोणतीहि देवता कोपत नाहीं.

हळदीकुंकवाचीहि गोष्ट अशीच. संक्रांत सूर्याच्या गतीवर अवलंबून, रथसप्तमी चंद्राच्या तिथीवर. त्यामुळें दोहोंमधील अंतर दरवर्षीं निराळें. २०२४ सालीं संक्रांत १५ जानेवारीस आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीस होती, म्हणजे हातीं महिना होता. २०२६ सालीं त्याच दोन तिथी १४ आणि २५ जानेवारीस आल्या, म्हणजे अवघे अकरा दिवस. तेवढ्यांत चाळीस घरचीं आमंत्रणें, स्वतःच्या घरचें हळदीकुंकू आणि वाण लुटणें हें सगळें बसवावयाचें. ज्या घरांत दिवाळी झाल्याबरोबर पंचांग उघडून हें अंतर मोजलें जातें, तेथें निदान ऐन वेळची तारांबळ टळते.

आतां सुयांकडे वळावें. दोन सुयांचें विणकाम हा कांहीं कुळाचार नव्हे. महाराष्ट्राची जुनी लोंकर म्हणजे धनगरांच्या मेंढ्यांची, आणि तिचें वस्त्र म्हणजे मागावर विणलेली घोंगडी. सुयांची विद्या एकोणिसाव्या शतकांत मिशनच्या शाळांतून इकडे रुजली, आणि मग बाळंतविड्यांतील टोपडें, कुंची आणि पायमोजे यांच्या वाटेनें ती माजघरांत अशी शिरली कीं परकी वाटेनाशी झाली. मुंबईच्या थंडीस स्वेटर लागतो तो हौसेपुरता. परंतु निफाडाकडे पारा दहा अंशांखालीं उतरतो, तेथें ती चैन राहत नाहीं. शिवाय ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांच्या घरीं तीं बहुधा नाताळच्या सुटींतच येतात. नातवाच्या अंगावर आजीच्या हातचा स्वेटर त्याच सुटींत चढावयास हवा, अशी मुदत न सांगतां पडते.

ही मुदत काय मागते, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाहीं. मोठ्या माणसाचा, पुऱ्या बाह्यांचा, मध्यम जाडीच्या लोंकरीचा स्वेटर घ्या. दहा सेंटिमीटरांत बावीस टांके आणि अठ्ठावीस ओळी असें माप धरलें, तर पाठीवर ११० टांके पडतात, आणि पाठीच्या ओळी होतात १८० च्या घरांत. पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या मिळून सुमारें ५५,००० टांके भरतात. सरावाचा हात मिनिटाला वीस टांके सहज घालतो. त्या वेगानेंहि पंचेचाळीस तास लागतात. आठवड्याचा १५० मिनिटांचा व्यायाम घेतला, तर एका स्वेटराच्या वेळांत अठरा आठवड्यांचा व्यायाम होतो. वेळ नाहीं असें म्हणणाऱ्या घरांत पंचेचाळीस तास कोठून निघाले? ते कोणी तरी आपल्या झोपेंतून, दुपारच्या विसाव्यांतून आणि सकाळच्या फिरण्यांतून काढले.

म्हणून विणणें सोडावें, असा याचा अर्थ नव्हे. सुलट-उलट टांक्यांच्या लयींत मनाला जी स्वस्थता येते ती दुसऱ्या कामांत क्वचित् येते, आणि बोलतां बोलतां, नातवंडांचे धडे ऐकतां ऐकतां चालणारें असें काम फार थोडें आहे. दोष आहे तो घाईंत. घाईचा टांका आवळतो. निवांतपणीं विणलेली पाठ सैल आणि आदल्या रात्रीं जागून पुरा केलेला पुढचा भाग आंखडलेला, असे स्वेटर पुष्कळांनीं प्रेमापोटीं मुकाट्यानें वापरले असतील. शरीराचेंहि तसेंच आहे. तासन् तास मान खालीं, खांदे पुढें आणि मनगट एकाच वळणांत ठेवून बसलेलें अंग हळूहळू त्याच आकारांत घट्ट होतें. दर वीस ओळींनंतर सुया खालीं ठेवून उठावें, खांदे मागें घ्यावे, घरांतल्या घरांत चार येरझारा घालाव्या. ओळी मोजाव्या लागतातच. तीच मोजणी येथेंहि कामास येते.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. जुन्या चालीरीतींनीं स्त्रियांच्या व्यायामाचा विचारच केला नाहीं, असें नाहीं. श्रावणांत मंगळागौर आहे. तींत झिम्मा, फुगडी, पिंगा यांनीं रात्र जागते आणि अंग घामानें भिजतें. नागपंचमीस झोके आहेत. आश्विनांत हत्तीभोंवतीं फेर धरून भोंडला आहे. परंतु जो ऋतु वैद्यकानें बळाचा म्हणून सांगितला, त्यांत देशावरील स्त्रीच्या वांट्यास काय आलें? सतरंजीवर बसणें, अत्तर-गुलाब घेणें, ओटी भरून घेणें आणि तिळगूळ खाणें. श्रावणांत नाचणारी बाई पौषांत बसून राहते.

गोव्यांत तसें नाहीं. तेथें पौष महिन्यांत चांदण्या रात्रीं धालो हा खेळ रंगतो. गांवांतील ठराविक अंगणांत, ज्यास मांड म्हणतात, रात्रीचें जेवणखाण उरकल्यावर स्त्रिया जमतात. समोरासमोर दोन रांगा करून, एकमेकींच्या कमरेभोंवतीं हात गुंफून, गाण्याच्या तालावर त्या वाकत, डोलत पुढें येतात आणि मागें जातात. हा क्रम कांहीं रात्री चालतो. सिंधुदुर्गाच्या कांहीं भागांतहि हा खेळ आहे. थंडीच्या रात्रीं तासभर वाकत-डोलत राहणें म्हणजे काय, हें करून पाहिल्यावांचून कळणार नाहीं. देवकार्य, मैत्रिणींची भेट आणि व्यायाम यांची तेथें वांटणी करावी लागत नाहीं. तीं तिन्हीं एकाच अंगणांत होतात. पुण्या-सोलापुराच्या हळदीकुंकवांत वाण लुटून झाल्यावर सतरंजी गुंडाळून वीस मिनिटें फुगडी-झिम्मा घातला, तर श्रावण रागावणार नाहीं. वाणाची प्लॅस्टिकची डबी मात्र एकीला विसरली तरी चालेल.

देशावरहि एक मोठा आधार आहे, आणि तो खुद्द सणांतच आहे. संक्रांत हा सूर्याच्या मकरप्रवेशाचा दिवस, रथसप्तमी हीहि सूर्याचीच तिथि. तिळगुळाच्या दोन्हीं टोकांस सूर्य उभा आहे. त्यांच्या मध्यें सूर्यनमस्कार घातले तर ती बाहेरची भर होत नाहीं. औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं आयुष्यभर नमस्कारांचा प्रसार केला, आपल्या संस्थानच्या शाळांतून ते सुरू केले, आणि स्त्रियांनींहि ते घालावे असा आग्रह धरला. त्यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९३८ सालीं लंडनहून प्रसिद्ध झाला. नमस्कारास साहित्य लागत नाहीं, जागा लागते ती एका सतरंजीएवढी. पहिल्या आठवड्यांत रोज तीन, मग सहा, रथसप्तमीपर्यंत बारा, असें चढत जावें. गर्भवतीनें, तसेंच रक्तदाबाचा किंवा पाठीच्या मणक्याचा विकार असणारानें आधीं डॉक्टरांस विचारावें. त्यांच्यासाठीं चालणें आहेच. तिळगूळ द्यावयास जवळच्या घरीं पायींच जावें. चार घरें हिंडून आलें कीं अर्धा तास चालणें होऊन जातें.

वेळेचा क्रम लावतांना पहिली सकाळ शरीराची ठेवावी, कारण शेगडी एकदां पेटली कीं ती सकाळ परत मिळत नाहीं. यासाठीं घरांतील इतरांनीं आपलें अंथरूण सोडावयास हवें. तीळ भाजणें, गूळ किसणें, परात हलविणें यांस स्त्रीचाच हात लागतो असें कोणत्याहि पोथींत लिहिलेलें नाहीं. निवृत्त झालेल्या आजोबांनीं सकाळीं सात वाजतां हलव्याची परात घेतली, तर त्यांच्या वर्तमानपत्राचें फारसें नुकसान होत नाहीं, आणि आजीबाई पर्वती चढून उतरतात. सुया संध्याकाळच्या. दिवसाकांठीं तासभर विणावयाचें ठरविलें, तर ६६ दिवसांत एक मोठा स्वेटर बाहेर पडून एखादें टोपडेंहि होतें. दोन स्वेटरांचा बेत असेल तर त्यांतला एक गणपतीपूर्वींच सुरू केलेला बरा. नाताळास नातू आला आणि एक बाही व्हावयाची असली, तर तेंहि कांहीं संकट नव्हे. बाही त्याच्याच हातावर मापून घेतां येते. पोरें वर्षांत किती वाढतात हें दुरून कोणास कळतें?

रथसप्तमी झाली कीं दुपार तापूं लागते. विणलेले कपडे कोमट पाण्यांत, न पिळतां धुवावे, सावलींत आडवे पसरून वाळवावे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ट्रंकेंत ठेवावे. जें अर्धवट राहिलें असेल त्याचे टांके सुईवर तसेच ठेवूं नयेत, घरंगळतात. ते जाड सुती दोऱ्यावर काढून गांठ मारावी, आणि किती ओळी झाल्या तें चिठ्ठीवर लिहून ती आंत टांचून ठेवावी.