यकृताचा विकार असलेल्या लहान कुत्र्याचा आहार



शहरांतील पुष्कळ घरांत लहान जातीचें कुत्रें हें आज कुटुंबांतील एक माणूसच होऊन बसलें आहे. घरांत पथ्याचें माणूस असलें कीं त्याच्या ताटाची जशी चिंता वाहावी लागते, तशीच या मुक्या सोबत्याच्या ताटलीचीही वाहावी लागते. ज्याचें यकृत बिघडलें आहे अशा कुत्र्याविषयीं घरोघर दोन समजुती आढळतात. एक अशी कीं, मांस-अंडें सर्वस्वीं बंद करून त्याला नुसत्या भातावर ठेवावें. दुसरी अशी कीं, यकृत दुबळें झालें म्हणून बकऱ्याची कलेजी खाऊं घालावी. दोन्ही मायेपोटीं निघाल्या आहेत आणि दोन्ही घातक आहेत.

प्रथम यकृताचें काम पाहूं. अन्नांतील प्रथिनांपासून आंतड्यांत अमोनिया नांवाचें विषारी द्रव्य तयार होतें. आंतड्यांतून निघणारें रक्त आधीं यकृतांत जातें व तेथें या विषाचें निरुपद्रवी युरियांत रूपांतर होतें. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, पग अशा लहान जातींच्या कांहीं पिलांत जन्मतःच एक आडवाटेची रक्तवाहिनी असते. तिच्यामुळें हें रक्त यकृताला वळसा घालून थेट शरीरांत शिरतें. जुनाट यकृतदाह विकोपास गेला तरी परिणाम तोच होतो. मग पिलूं नीट वाढत नाहीं, जेवणानंतर गुंगल्यासारखें होतें, भिंतीला डोकें टेकून उभें राहतें, गोल गोल फिरतें. क्वचित् त्याला झटकेही येतात. घरचीं माणसें हा त्याचा स्वभावच समजतात आणि दिवस वायां जातात. वस्तुतः उपाशीपोटीं व जेवणानंतर दोन तासांनीं रक्तांतील पित्ताम्लें मोजलीं असतां पशुवैद्याला बराच उलगडा होतो. ही आडवाट कित्येकदां शस्त्रक्रियेनें बंदही करतां येते. म्हणून निदान झाल्यावांचून पथ्यावर विसंबून राहूं नये.

आतां पहिली समजूत घेऊं. प्रथिनांपासून विष होतें, तर प्रथिनेंच बंद करावीं, हा तर्क वरवर सरळ दिसतो. परंतु अमोनियाचा कांहीं भाग शरीरांतील स्नायूही जिरवीत असतात. नुसत्या भातावर ठेवलेलें कुत्रें आपलेच स्नायू झिजवूं लागतें, आणि यकृताचा हा मदतनीस खंगला म्हणजे रक्तांतील विष उलट वाढतें. यकृताला स्वतःची झीज भरून काढण्यासही प्रथिनें लागतातच. तेव्हां प्रथिनें तोडण्यापेक्षां तीं निवडून द्यावींत. बिनमिठाचें ताजें पनीर, उकडलेलें अंडें, शिजवलेलें सोयाबीन हीं तांबड्या मांसापेक्षां अशा कुत्र्याला अधिक सोसतात. त्यांच्या जोडीला मऊ भात व उकडलेला भोपळा द्यावा. मेंदूवर परिणाम दिसत असेल तर प्रथिनांचें प्रमाण कमी करावें लागतें. परंतु तें किती, हें पशुवैद्यानेंच ठरवावें. घरच्या अन्नांत जीवनसत्त्वांची व क्षारांची उणीव राहते, तीही त्याच्याच सल्ल्यानें भरून काढावी.

दुसरी समजूत कलेजीची. कलेजींत तांबें विपुल असतें. निरोगी यकृत जास्तीचें तांबें पित्तावाटें बाहेर टाकतें. आजारी यकृतांत तें सांचत जातें व यकृताच्या पेशींनाच जाळतें. बेडलिंग्टन टेरियर जातींत तर हा दोष आनुवंशिकच आढळतो. म्हणून कलेजी अजिबात देऊं नये.

काय द्यावें याइतकेंच केव्हां द्यावें हेंही महत्त्वाचें आहे. लहान कुत्र्याच्या अंगांत साखरेचा सांठा मुळांतच थोडा. यकृत बिघडल्यावर तो आणखी घटतो. फार वेळ उपाशी राहिल्यास तें थरथरूं लागतें, गळून जातें. यासाठीं दिवसाचें अन्न चार-पांच वेळां विभागून द्यावें व शेवटचें खाणें निजावयाच्या सुमारास द्यावें. बद्धकोष्ठानें विष अंगांत अधिक मुरतें. म्हणून वैद्य लॅक्टुलोज नांवाचें गोड पातळ औषध देतात. दिवसांतून दोन-तीनदां मऊ शौचास होईल इतपत त्याची मात्रा असावी. जुलाब झाल्यास वैद्यास विचारून ती कमी करावी. पोटांत पाणी झालें असल्यास मीठ वर्ज्य करावें. म्हणजे पापड, फरसाण व खारीं बिस्किटेंही आलींच. माणसांचें पॅरासिटामॉल आपल्या मनानें कधींही देऊं नये. झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या तर निरोगी कुत्र्याच्याही यकृतावर घाला घालतात.

पावसाळ्यांत एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. २००५ सालच्या जुलैंतील महापुरानंतर मुंबईंत माणसांमध्यें जो लेप्टोस्पायरोसिस पसरला, तोच रोग कुत्र्यांचें यकृत व मूत्रपिंडें बिघडवितो आणि त्यांच्या मूत्रावाटें घरच्या माणसांसही होऊं शकतो. त्याची लस वेळेवर टोंचून घ्यावी व सांचलेल्या पाण्यांत कुत्र्यास जाऊं देऊं नये.

सर्वांत अवघड पथ्य मात्र कुत्र्याचें नसून घरच्यांचें असतें. आजीनें चहाबरोबर एक बिस्किट द्यावें, मुलांनीं जेवतांना एक घास टाकावा, स्वयंपाकघरांतून हाडूक मिळावें. देणाऱ्या प्रत्येकाला तें थोडेंच वाटतें, पण चार किलो वजनाच्या जीवाला तें फार होतें. याकरितां खाणें देण्याचें काम घरांतील एकाच व्यक्तीकडे असावें. तिनें दिलेलें अन्न, शौच व दर आठवड्याचें वजन एका वहींत टिपून ठेवावें. डोळे पिवळे दिसले, शौचास काळें झालें, दिवसभर अन्न घेतलें नाहीं किंवा शुद्ध हरपूं लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां ती वही घेऊन पशुवैद्याकडे जावें.